आत्याला लागलेली गोधडी

त्या हिवाळ्यात आमच्या घरात जिकडे हात घालावा तिकडे चिंध्या होत्या. पलंगाखाली गाठोडी, खुंटीवर गाठोडी, आणि एकदा तर पिठाच्या डब्यावर मला कुणाच्यातरी परकराचा जांभळा तुकडा पडलेला सापडला. लढाई नेमकी कधी सुरू झाली आणि कधी संपली, हे मला आता पुस्तकात पाहून सांगावं लागेल. माझ्या मनात तो सगळा एकच लांबलचक हिवाळा आहे. त्यात सकाळचं दाट धुकं आहे, शेगडीवर उकडणाऱ्या शिंगाड्यांचा मातकट वास आहे, आणि अंगणातल्या खाटेवर मान खाली घालून टाके घालत बसलेली माझी आत्या आहे.

आमचं क्वार्टर फॅक्टरीच्या वसाहतीत होतं. दोन खोल्या, पुढे जाळीचा व्हरांडा, मागे अंगण आणि अंगणात आवळ्याचं एक झाड. बाबा फॅक्टरीत मशीनवर होते. लढाईच्या दिवसांत त्यांना इतका ओव्हरटाइम असे की घरात त्यांच्यापेक्षा त्यांची सायकलच जास्त दिसे, आणि तीही भिंतीला टेकून दमल्यासारखी. भोंगा वाजला की रस्त्यावरून सायकलींचा लोंढा येई, घंट्यांची एक लांब सर यावी तसा, आणि मग पुन्हा सगळं शांत. दूर रेंजवर फॅक्टरीतल्या तोफगोळ्यांची चाचणी चाले. तो धमाका आधी पायांना कळायचा, मग कानांना. फळीवरच्या ताटल्या एकमेकींना हलकेच लागून किणकिणत आणि थांबत. नागपूरहून पाहुणे आले की दचकून उठून बसत; आम्ही मात्र त्या आवाजात गाढ झोपत असू. मला आजही फार शांत जागी झोप येत नाही. मुलगा म्हणतो, आई, तुला डोंगरात न्यायचं म्हणजे पैसे वाया घालवायचे.

आत्याचं नाव वत्सला, पण ते घरात कुणीच घेत नसे. ती बाबांची धाकटी बहीण. वर्ध्याकडच्या एका खेड्यात तिला दिलं होतं. नवऱ्याने दुसरी केली आणि हिला एका ट्रंकेसकट आमच्याकडे आणून सोडलं, तेव्हा मी पाळण्यात होते. तेव्हापासून ती आमच्याकडेच. कपाळावर कुंकू, गळ्यात काळी पोत, आणि तोंडात कायम एकच शब्द: असू दे. भाजी संपली, असू दे. पाहुण्यांना तिची चादर दिली, असू दे. स्वयंपाकघरात भिंतीकडेला ती झोपायची. सकाळी आम्ही उठायच्या आत अंथरूण गुंडाळलेलं असे, आणि बाबांनी आतल्या खोलीतून "चहा" असा एकच शब्द टाकला की कप पुढे येई. त्यात काही वेगळं आहे असं आम्हाला कुणालाच वाटत नसे. घरात विहीर असावी तशी ती होती.

तिला गोधडी शिवता येते हे बाहेर कळलं ते पोहनकर मास्तरांमुळे. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, उंच, थोडे वाकलेले, आणि खांद्याला कायम कापडी पिशवी. आपली मराठी माणसं या गावात कशी कशी आली, कोण रेल्वेबरोबर आलं, कोण फॅक्टरीबरोबर, कोण त्याच्याही आधी घोड्यावरून, हे गोळा करायचा त्यांना ध्यास होता. घरोघर जाऊन ते जुने फोटो मागत. इथल्या मराठी मंडळाच्या इमारतीत मागची एक खोली त्यांनी मिळवली होती. पण छत गळत होतं, फोटोंना बुरशी लागत होती. छत दुरुस्त करायला आणि काचेचं एक कपाट करायला त्यांनी सोडत ठरवली. रुपयाचं एक तिकीट, आणि बक्षीस म्हणजे हाताने शिवलेली जुन्या पद्धतीची गोधडी. "आपल्या आज्या ज्या गोधड्या पाठीवर घेऊन या स्टेशनावर उतरल्या ना, हुबेहूब तशी," ते आईला म्हणाले. "आता सगळे रजया भरून घेतात. अशी गोधडी कोण शिवतं?"

आई म्हणाली, "आमच्या वत्सलाबाई शिवतील की." आणि आत्याने पीठ मळता मळता मान वर केली. कुणीतरी तिचं नाव घेतलं होतं.

प्रत्येक घरातून एक कापड यायचं ठरलं. कुणी नऊवारीचा काठ दिला, कुणी बाबांच्यासारखीच खाकी पँट, कुणी मुलीच्या फ्रॉकचा घेर. जवळच्या ओळीतल्या सरोजकाकूंचा मुलगा फौजेत होता आणि त्या वेळी सीमेवर होता. त्यांनी त्याचं पिवळं झबलं आणलं. इतकं लहान की आत्याच्या तळहातावर मावलं. "कापशील ना नीट?" एवढंच त्या म्हणाल्या. आत्या म्हणाली, "कापत नाई मी. आहे तसंच लावते." आणि गोधडीच्या मधोमध ते झबलं बाह्यांसकट बसलं.

आत घालायची लुगडी धुवायला आम्ही नर्मदेवर, ग्वारीघाटावर गेलो होतो, मी, आई आणि आत्या. नळाला पाणी नव्हतं म्हणून नव्हे. आत्याचं म्हणणं असं की गोधडीच्या पोटात जाणारं कापड नदीत धुतलेलं असावं. तांग्यात गाठोडी, गाठोड्यांवर मी. नदीवर धुकं असं बसलं होतं की पलीकडचा काठ नव्हताच. नावा कुठूनतरी उगवत आणि कुठेतरी विरत. झेंडूच्या माळा घेऊन बसलेल्या बाया शेकोटीशी हात शेकत होत्या. आत्याने पहिलं लुगडं पाण्यात सोडलं आणि ते फुगून लांब पसरलं, हिरवं, मग दुसरं, अंजिरी, मग तिसरं. तिने टोकं हातात धरून ठेवली होती आणि ती लुगडी पाण्याखाली श्वास घेतल्यासारखी हलत होती. एक नाववाला जवळून गेला. "नर्मदे हर, बाई. कथरी बनाओगी का?" त्याने विचारलं. आत्या हसली. तिला मी इतकी मोकळी हसताना क्वचित पाहिलं होतं. "हाँ भैया," ती म्हणाली, "बहुत बड़ी." परत येताना आईने जिलेबी घेतली. ती गरम खव्याची काळपट जिलेबी आम्ही तिघी एकाच पानावर खाल्ली. आत्याच्या बोटांच्या टोकांना नदीच्या पाण्याने सुरकुत्या पडल्या होत्या, ती बोटं पाकात बुडलेली मला आजही दिसतात.

मग शिवण सुरू झालं. बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून मी जाड पांढरा दोरा आणला. आत्या काठापासून टाके घालत आत आत जायची, एका ओळीत दुसरी, जणू शेताला प्रदक्षिणा घालून घालून मध्यावर पोचायचं. दुपारी उन्हात खाट ओढून ती बसे, मी बाजूला कॉलेजचं पुस्तक घेऊन. वाचायची मी कमीच. वसाहतीतल्या बाया येऊन बसत, मटार सोलत, आपापला तुकडा कुठे लागला ते पाहत. आणि नकळत बोलत. हे लुगडं माझ्या सासूचं, ती मालगाडीच्या डब्यातून आली होती. ही सतरंजी आमच्या मामंजींची, त्यांना इथली हिंदी येत नव्हती तर बाजारात सगळं बोटाने दाखवत. आत्या काही बोलत नसे, पण टाका थांबवून ऐके. शेवटचा टाका घालायच्या आधी तिने पोळीचा एक वाळका तुकडा आत सरकवला. मी विचारलं, "हे काहून?" तर म्हणाली, "उपाशी नाई ठेवत गोधडीले. आमच्याकडे तसंच करतात."

लढाई सुरू झाली तशा खिडक्यांना काळे कागद लागले. संध्याकाळी वसाहत अशी अंधारात बुडे की शेजारच्या तिवारी चाचींची खोकल्यावरून ओळख पटे. मंडळात काहींचं म्हणणं पडलं की अशा वेळी सोडती कसल्या करता. फौजेसाठी बायकांनी स्वेटर विणले, तेही काम झालं. पण तिकिटं विकली गेली होती, म्हणून एका रविवारी दुपारीच, उजेडात, सोडत काढायचं ठरलं.

आत्याने तिकीट घेतलं होतं हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. भाऊबीजेला बाबांनी तिच्या ताटात रुपया टाकला होता, दरवर्षी टाकत तसा. दरवर्षी त्या रुपयाचं काहीतरी आमच्यासाठीच यायचं, माझ्या रिबिनी, नाहीतर घरात हळद. या वर्षी मास्तर गोळा केलेली कापडं द्यायला आले, तेव्हा तिने तो पदराच्या गाठीतून सोडवून त्यांच्या हातावर ठेवला होता. मास्तरांनी नाव विचारलं, तर क्षणभर तिला सांगता येईना, मग तिने माहेरचं सांगितलं, असं त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितलं.

मंडळाच्या हॉलमध्ये त्या दुपारी माणसं दाटीवाटीने बसली होती. स्टेजवर दोरीला गोधडी टांगली होती. मागच्या खिडकीतून ऊन येत होतं आणि पातळ जागी कापडातून आरपार दिसत होतं. खाकी, अंजिरी, हिरवा, आणि मधोमध ते पिवळं झबलं, दिव्यासारखं. मी तिला आमच्या अंगणात रोज पाहिली होती, तरी तिथे ती निराळीच वाटली, जणू कुणा दुसऱ्याच घरची. तांब्याच्या घागरीत चिठ्ठ्या होत्या. चिठ्ठी काढायला एका लहानग्याला उभं केलं, पण एवढी माणसं पाहून त्याने भोकाड पसरलं. मग मंडळाच्या चिटणिसांच्या पत्नी देवघरे काकू म्हणाल्या, "अहो, ती वैरागड्यांची कुंदा आहे ना, तिलाच बोलवा." त्यांनीच मला दंडाला धरून पुढे केलं. घागरीचा गळा इतका अरुंद होता की हात बांगड्यांपर्यंत गेला आणि तिथे अडकला. बोटांना जी लागली ती चिठ्ठी मी ओढून काढली आणि मास्तरांना दिली.

मास्तरांनी चष्मा सारखा केला. "वत्सला गणपत वैरागडे," त्यांनी वाचलं.

कुणी उठलं नाही. लोक इकडे तिकडे बघू लागले. खरं सांगायचं तर मलाही लगेच कळलं नाही. कोण बरं ही वत्सला, असंच आधी मनात आलं. मग वैरागडे या शब्दापाशी सगळ्यांच्या माना बाबांकडे वळल्या.

देवघरे काकूंचा आवाज मोठा नव्हता, पण हॉल लहान होता. "चलो," त्या म्हणाल्या, "भाचीनं काढली, आत्याला लागली. घरची वस्तू घरीच गेली." कुणीतरी हसलं. मागून एक पुरुष म्हणाला, "पुन्हा काढायला हवी, मास्तर. असं बरं नाही दिसत." आणि ती कुजबुज हॉलभर पसरली. मला घागर उचलून सगळ्यांसमोर उपडी करावीशी वाटत होती.

बाबा उभे राहिले. ते रात्रपाळी करून आले होते, डोळे लाल होते. फॅक्टरीत त्यांच्याइतका सरळ माणूस नाही असं लोक म्हणत, आणि त्यांना ते फार जपायचं होतं. "पुन्हा काढा," ते म्हणाले. "आम्हाला नको आहे. आमच्या घरात हिची गरज नाही."

मास्तरांचा हात पुन्हा घागरीकडे गेला नाही. तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला.

"दादा, तिकीट माझं आहे."

आत्या उभी होती. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला. तोंड बाबांकडे होतं.

"खाली बस," बाबा म्हणाले.

"बसते. पण तिकीट माझं आहे. मी विकत घेतलं."

"लोक काय म्हणून राहिले ते ऐकलं ना?"

"ऐकलं," आत्या म्हणाली. "पुन्हा नका काढू, मास्तर. मले लागली. मी नाई देत."

असू दे म्हणणाऱ्या बाईच्या तोंडून हे वाक्य निघेल असं त्या हॉलमध्ये कुणाला वाटलं नव्हतं. तिला स्वतःलाही वाटलं नसावं. ती तशीच उभी राहिली. बाहेर रेंजवर एक धमाका झाला आणि खिडकीची तावदानं थरथरली. मग मास्तरांनी स्टेजवरची गोधडी दोरीवरून स्वतः उतरवली, दोन्ही हातांवर घेतली आणि म्हणाले, "वत्सलाबाई, या. घ्यायला या." माणसांनी पाय आखडून तिला वाट दिली. तिने गोधडी घेतली आणि वाकून मास्तरांना नमस्कार केला. मास्तरांनीही हात जोडले.

घरी येताना बाबा सायकल हातात धरून पुढे, आणि आम्ही तिघी मागे. गोधडी आत्याने खांद्यावर टाकली होती. आईने एकदा विचारलं, "जड झाली का हो?" आत्या म्हणाली, "नाई." बस, तेवढंच.

जेवायला बाबा पाटावर बसले पण घास घेईनात. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, वर कच्चं तेल; त्यांच्या आवडीचं होतं सगळं. काळ्या कागदाआड चिमणी मिणमिणत होती. "माझी मान खाली घालायला लावली आज," ते शेवटी म्हणाले. "चार लोकांत. चार लोकांचा काही विचार?"

आत्या तव्यावरची भाकरी उलटत होती. "केला ना, दादा. इतकी वर्षं तोच केला," ती म्हणाली. "नवऱ्याचं घर गेलं, तरी मी काही मागितलं नाई. तुझ्याकडे खाऊन राहिली, तुझ्या घरचं अंथरूण घेऊन राहिली. हे एक माझं म्हणून लागलं मले. ते नाई देत."

बाबांनी आईकडे पाहिलं. त्यांना वाटलं असेल, ती त्यांची बाजू घेईल. आईने त्यांच्या ताटात भरीत वाढलं. "भाऊबीजेचा रुपया तुम्हीच घातला होता ना?" ती म्हणाली. "मग तो त्यांचा झाला. जेवा आता."

बाबा जेवले, पण पुढचे काही दिवस ते आत्याशी बोलले नाहीत. वसाहतीतही काही दिवस वाईट गेले. देवघरे काकू आमच्या दारावरून जाताना मान वळवत. नळावर बाया बोलायच्या थांबत. कॉलेजच्या वाटेवर एका मुलीने मला विचारलंच, "खरं सांग ना, चिठ्ठी दुमडून ठेवली होतीस का?" मी तिच्याशी त्यानंतर कधी बोलले नाही. आत्या मात्र रोज रात्री ती गोधडी पांघरून झोपायची आणि दिवसा उन्हात टाकायची, सगळ्यांना दिसेल अशी, पुढच्या व्हरांड्याच्या कठड्यावर.

एका दुपारी सरोजकाकू आल्या. त्यांच्या मुलाचं पत्र बरेच दिवस आलं नव्हतं. त्या गोधडीजवळ उभ्या राहिल्या आणि त्यांनी झबल्याच्या बाहीवर बोट ठेवलं. आत्याने त्यांना खाटेवर बसवलं, गोधडी त्यांच्या मांडीवर पसरली आणि चहा ठेवायला आत गेली. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. मग आणखी कुणी आलं, आपल्या सासूचं लुगडं बघायला म्हणून. हळूहळू अंगणातली ती दुपारची बैठक पुन्हा सुरू झाली, आणि मास्तरही पिशवी घेऊन कडेला येऊन बसू लागले, कारण खोलीत फोटो होते पण बोलणं इथे होतं. लढाई संपली. सरोजकाकूंचा मुलगा परत आला, थोडा लंगडत, पण आला. तो आत्याच्या पाया पडायला आला तेव्हा आपलं झबलं पाहून इतका लाजला की सगळ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. त्यात देवघरे काकूही होत्या. त्यांनी माफी वगैरे मागितली नाही. मटार सोलायला घेतले एवढंच.

मास्तरांच्या खोलीला छत झालं, कपाट झालं. पुढे त्यांना ती गोधडीच कपाटात ठेवावीशी वाटली. "वत्सलाबाई, हा आपला इतिहास आहे," ते म्हणाले. आत्या म्हणाली, "मास्तर, थंडी वाजते हो मले." आणि विषय संपला. ती गोधडी तिने वापरून वापरून संपवली. माझी नात, जी मराठी समजते पण उत्तर हिंदीत देते, ती मला विचारते, "दादी, वो क्विल्ट अब कहाँ है?" तिला मी सांगते, कुठेच नाही बेटा, ती झिजली. ती म्हणते, अरे, कितना लॉस हुआ. मला तसं वाटत नाही.

पण मला सांगायची होती ती सकाळ. लढाई संपल्यानंतरचा रविवार असावा. बाबांना सुट्टी होती, किती तरी आठवड्यांनी. धुकं अंगणातून नुकतंच उठत होतं आणि आवळ्याच्या पानांवरून थेंब पडत होते. आत्याने त्या पहाटे आपली खाट अंगणात ओढली होती, जिथे पहिलं ऊन पडतं तिथे, आणि ती पुन्हा आडवी झाली होती. गोधडीतून तिचा फक्त कपाळाचा भाग दिसत होता. तिला उजाडल्यावर झोपलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. ऊन तिच्या पायांवरून वर सरकत होतं, एका तुकड्यावरून दुसऱ्या तुकड्यावर, आणि मी दारात उभी राहून ते बघत होते.

आतून बाबांची हाक आली, "चहा."

आईने माझ्याकडे पाहिलं आणि ती जागची हलली नाही. मीही हलले नाही. थोड्या वेळाने बाबा दारात आले, खांद्यावर टॉवेल. त्यांनी अंगणात पाहिलं.

गोधडीच्या आतून आत्या म्हणाली, "दादा, आज तू कर ना."

बाबांनी खांद्यावरचा टॉवेल दारावर टाकला. मग आत गेले. डबे उघडल्याचे, झाकणं पडल्याचे आवाज आले; साखर कुठे असते, हे त्यांनी आईला विचारलं नाही. शेवटी ते दोन कप घेऊन बाहेर आले. चहा पांढराफटक झाला होता आणि बशीत सांडला होता. एक कप त्यांनी खाटेच्या कडेला ठेवला, आणि दुसरा घेऊन ते तिच्या पायाशी, उन्हात बसले.